शेवट गोड करणाऱ्या वसुधाताई

जिथून कुणी रिकाम्या हाताने परतत नाही, त्या दाराला आपण देऊळ म्हणतो. जिथून पोटची लेक परतली, त्या दाराला काय म्हणावे? पोथ्या धुंडाळल्या, शब्द सापडला नाही. म्हणून नारायणापुढे हात जोडून त्या दाराची कथाच मांडावी.

सिंगापुरात मरीन परेडला, समुद्राकडे तोंड करून उभ्या असलेल्या एका जुन्या इमारतीत ते दार आहे. आत लाकडी दार, बाहेर लोखंडी जाळीचे गेट. गेट ढकलले की कुरकुरते आणि मग खणकन भिंतीला लागते. खिडकीतून नांगर टाकलेली जहाजे दिसतात; भरती-ओहोटीबरोबर ती हळूहळू तोंड फिरवतात, सगळी एकदम, जणू कुणी हाक मारली आहे. या घरात वसुधाताई रिसबूड राहतात. वय सत्तरीकडे झुकलेले, आवाज अजून तानपुऱ्यासारखा जुळलेला.

वसुधाताईंचे वडील मिरजेचे कीर्तनकार. मुलीला त्यांनी पेटी शिकवली, साकी-दिंडी शिकवली आणि त्याहून मोलाचे असे दोन नियम शिकवले. पहिला, आधी स्वतः वाचल्याशिवाय सांगायला बसू नये. दुसरा, श्रोत्याला रडवावे, पण रडत घरी पाठवू नये. आख्यानात राजा रानोमाळ हिंडो, राणी विकली जावो, लेकरू सर्पदंशाने पडो. आरतीच्या आधी सारे उठून बसले पाहिजे. मंगलावाचून कीर्तन संपत नाही. बुवा म्हणत, "पोरी, दुःख सांगणं हे आपलं काम, दुःखात सोडून देणं हे आपलं काम नव्हे."

हा दुसरा नियम वसुधाताईंच्या रक्तात उतरला. सिंगापुरात त्या शनिवारी मराठी मुलांना गोष्टी सांगत, तेव्हा कोल्ह्याला द्राक्षे मिळत आणि ससा-कासव हातात हात घालून पोहोचत. त्यांची लेक निहारिका लहानपणी मैत्रिणींना, शेवटी सिंगापुरी 'लाह' जोडून, सांगायची, "माझ्या आईच्या गोष्टीत ना, वाघसुद्धा व्हेजिटेरियन होतो, लाह!" सारे हसत. वसुधाताई सर्वांत मोठ्याने हसत.

त्यांचे यजमान गोविंदराव पुण्याचे, संगणकातले. रॅफल्स प्लेसच्या एका बँकेत त्यांनी नोकरी केली आणि तिथूनच निवृत्त झाले. शिस्तीचे, मितभाषी, आणि एका बाबतीत पुरते वेडे. ते वेड एका चित्रपटाचे.

लग्न ठरल्यावर त्यांनी वसुधाताईंना पुण्यात मॅटिनीला नेले होते. चित्रपट हॉलिवूडचा, जुना, कृष्णधवल, कुणा लेखिकेच्या जाडजूड कादंबरीवरून काढलेला. एक विस्तीर्ण सरोवर. या काठाला मार्टिन, त्या काठाला एडिथ, मधे एक फेरीबोट. दोघांचे प्रेम सरोवराएवढे आणि मानही तेवढाच. एके दिवशी उंबऱ्यावर भांडण होते. तो म्हणतो, मी बोलावणार नाही. ती म्हणते, बोलावल्याशिवाय मी येणार नाही. हिवाळा येतो, पाणी गोठू लागते, आणि वाट बंद होण्यापूर्वीच्या शेवटच्या बोटीतून एडिथ उतरते. न बोलावता. मार्टिन एक शब्द बोलत नाही. पुढे होतो, तिच्या हातातली बॅग घेतो. पडद्यावर बर्फ पडत राहते.

वसुधाताईंना तेव्हा इंग्रजी कळत नव्हते. गोविंदराव त्यांच्या कानाशी लागून एकेक संवाद मराठीत सांगत होते, आणि मागचे प्रेक्षक "ओ साहेब, लग्न झाल्यावर बोला!" म्हणून ओरडत होते. बाहेर आल्यावर गोविंदराव एवढेच म्हणाले, "काही बोलला नाही, बघितलंस? नुसती बॅग घेतली." पुढे सिंगापुरात त्या चित्रपटाची कॅसेट आली, मग तबकडी आली. दर वर्षी एकदा तिघे मिळून तो पाहत, आणि एडिथ बोटीतून उतरली की छोटी निहारिका पळत जाऊन दप्तर आणायची आणि बाबांच्या हातात द्यायची.

माणसे चित्रपट पाहतात आणि विसरतात. गोविंदरावांनी तो पाठ केला. घात तिथेच झाला.

तीन वर्षांपूर्वी निहारिका त्याच दारात उभी राहिली. खांद्याला बॅग. नवऱ्याचे, तन्मयचे, घर सोडून आली होती. त्याने हात उगारला नव्हता, शिवी दिली नव्हती. ती म्हणाली, "बाबा, त्या घरात मी कुणाला दिसतच नाही. मी इथे राहू?"

गोविंदराव दारात आडवे उभे होते. तन्मय त्यांनीच पसंत केलेला. "आधी परत जा," ते म्हणाले. "नीट बोला दोघं. मग ये."

"म्हणजे आत येऊ नको?"

"असं मी म्हटलेलं नाही."

"पण सरकतही नाही आहात, बाबा." तिने बॅग दुसऱ्या खांद्यावर घेतली. "ठीक आहे. बोलवाल तेव्हाच येईन."

"बोलावणार नाही. मुलीला बापाच्या घरी बोलवावं लागत नाही."

निहारिका हसली. ते हसणे वसुधाताईंना अजून ऐकू येते. "बाबा, हा पिक्चरचा डायलॉग आहे," ती म्हणाली, आणि गेट खणकन वाजले.

तन्मयशी तिचे रीतसर वेगळे होणे झाले. बुकित तिमाहच्या एका शाळेत ती शिकवते, तिकडेच खोली घेऊन राहते. एकाच बेटावर बाप आणि लेक. मधे ना समुद्र ना सीमा. एमआरटीच्या मेट्रोने तासभर लागत नाही. तरी तीन वर्षांत ते अंतर कुणी कापले नाही. पुराणातही एक लेक बिनबोलावता बापाच्या यज्ञाला गेली होती, आणि त्या यज्ञाची राख झाली. लेक दाराशी येते तेव्हा कोणी कोणाला बोलवायचे, हा प्रश्न तेव्हाही सुटला नव्हता.

मग मधुमेहाने गोविंदरावांचे डोळे नेले. त्यामागून मूत्रपिंडे गेली, त्यामागून हृदय थकले. डॉक्टरांनी सांगितले की आता हॉस्पिटलात ठेवून उपयोग नाही. घरी ठेवा, वेदना होऊ देऊ नका. रोहाना नावाची एक मलाय नर्स एक दिवसाआड घरी येऊ लागली. मोठी काळी बॅग, मऊ हात, स्पष्ट बोलणे.

आंधळ्या माणसाची दुपार फार लांब असते. गोविंदराव विचारत, "वसू, जहाजांची तोंडं कुठे आहेत?" वसुधाताई सांगत, "पूर्वेला." अशाच एका दुपारी ते म्हणाले, "त्या पिक्चरचं पुस्तक कधी वाचलं नाही. मिळेल?"

वसुधाताईंनी लायब्ररीतून ती कादंबरी आणली. एके काळी अंधारात गोविंदराव सांगत आणि त्या ऐकत. आता त्या सांगत आणि तो अंधार गोविंदरावांचा होता. बुवांच्या पहिल्या नियमाप्रमाणे सकाळी त्या पुढचे प्रकरण वाचून ठेवत. दुपारी पेटी जवळ घेऊन, एक सूर धरून, इंग्रजी वाक्यांना मराठीत आणत. सरोवर आले, बोट आली, एडिथच्या टोपीवरची लोकर आली. गोविंदरावांचा चेहरा उजळे. "छान सांगतेस गं," ते म्हणत. "मीसुद्धा तेव्हा एवढं छान सांगितलं नव्हतं."

"तुम्ही सांगत होतात की कान चावत होतात?"

"दोन्ही."

उंबऱ्यावरच्या भांडणाचे प्रकरण आले तेव्हा मात्र ते अस्वस्थ झाले. वसुधाताई वाचत गेल्या आणि ते मधेच म्हणाले, "थांब. हा मार्टिन मूर्ख आहे." काही वेळाने, अगदी सहज विचारल्यासारखे, "निहाचा नंबर तोच आहे का गं?"

वसुधाताईंनी पेटीचा भाता मिटला. "तोच आहे. लावू?"

"नको. पुस्तक संपू दे."

कथा आता एका टोकावर येऊन टेकली. बाप लेकीला हाक मारणार की नाही, ते एका पुस्तकाच्या शेवटावर अडले होते. आणि शेवट वसुधाताईंच्या हाती होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी शेवटचे प्रकरण वाचले आणि पुस्तक मांडीवर तसेच राहिले. चित्रपटातला शेवट कादंबरीत नव्हताच. कादंबरीत शेवटची बोट रिकामी येते. सरोवर गोठते. हिवाळाभर मार्टिन आपला हट्ट उबेला धरून बसतो. बर्फ वितळल्यावर, हरल्यावर, तो स्वतः बोलवायला निघतो. पलीकडच्या धक्क्यावर एडिथची भरलेली बॅग असते. एडिथ नसते. हाक येईल म्हणून ती रोज तिथे येऊन उभी राहत होती, आणि थंडीच्या तापाने कधीच गेली होती.

वसुधाताई देवापुढे जाऊन बसल्या. हे कसे सांगावे? मरणाच्या दारातल्या माणसाला हे सांगावे? वडिलांचा आवाज आला, रडत घरी पाठवू नये. त्यांना वाटले, गोड शेवटाने यांचे मन वितळेल. एडिथ बोटीतून उतरेल, हे हसतील, आणि त्या हसण्यातच म्हणतील, लाव फोन.

दुपारी त्यांनी चित्रपटाचा शेवट सांगितला. बोट आली, एडिथ उतरली, मार्टिनने बॅग घेतली. पेटीवर त्यांनी भैरवीचे सूर धरले. असे सांगितले, असे सांगितले, की बुवांनी स्वर्गातून मान डोलवावी.

गोविंदराव हसले. डोळ्यांतून पाणी आले. "बघ," ते म्हणाले, "पुस्तकातसुद्धा तसंच आहे. न बोलावता आली."

"हो. आता फोन लावू?"

"कशाला?" त्यांचा आवाज शांत होता, तीन वर्षांत नव्हता इतका. "मी बोलावल्यावर आली, तर ती माझ्या आजारपणासाठी आली. न बोलावता आली, तर माझ्यासाठी आली. येईल ती. आपलीच आहे ना? तू फोन करायचा नाहीस."

अमृत म्हणून पाजले आणि ते विष झाले, तर पाजणाऱ्या हाताने काय करावे? वसुधाताई रात्रभर तळमळल्या आणि सकाळी गोविंदरावांच्या उशाशी पुस्तक घेऊन बसल्या. "अहो, मी काल खोटं सांगितलं. बोट रिकामी येते." त्यांनी शेवटचे प्रकरण इंग्रजीतून, शब्दन् शब्द वाचले.

 गोविंदराव उशीवर मान वळवून म्हणाले, "वसू, जन्मभर सगळ्या गोष्टी गोड केल्यास. आता मला फोन करायला लावायचा म्हणून एक गोष्ट कडू करतेस होय?"

"देवाची शपथ. हे बघा, लिहिलंय."

"बघू? कशानं बघू?"

जो वाचू शकत नाही, त्याने सांगणाऱ्याच्या कोणत्या शब्दावर विश्वास ठेवावा, कालच्या की आजच्या? त्यांनी कालचा निवडला. कालचा गोड होता.

मग वसुधाताईंनी गोविंदरावांचा शब्द मोडायचे ठरवले. स्वयंपाकघरात जाऊन, नळ सोडून, त्यांनी लेकीला फोन लावला. सगळे सांगायचे असा निश्चय होता.

"निहा, घरी येतेस?"

"बाबांनी बोलावलं?" पलीकडे शाळेचा गोंगाट होता.

वसुधाताईंना हो म्हणता आले असते. पण कालच्या खोट्याचे फळ पदरात होते. पुन्हा खोटे बोलायला जीभ वळेना. "नाही," त्या म्हणाल्या. "मी बोलावतेय."

"तू तर दर वेळी बोलावतेस, आई."  "ते कसे आहेत? खरं सांग. डॉक्टर काय म्हणाले?"

आता एकच वाक्य बोलायचे होते. ते जात आहेत. पण ज्या बाईने चाळीस वर्षे सकाळी कुंकू लावताना यांच्याच आयुष्याचे मागणे मागितले, तिने ते अक्षर तोंडातून कसे काढावे? आपल्याकडे भरल्या घरात बाई ते बोलत नाही. बोललेले खरे होते म्हणतात. वसुधाताईंच्या ओठांवर कुंकू आडवे आले.

"थकलेत," त्या म्हणाल्या. "तसं घाबरण्यासारखं काही नाही."

"ओके. शनिवारी स्कूल फंक्शन आहे. संडेला बघते मी. प्रॉमिस नाही करत, लाह."

खरे सांगायचे तिथे खोटे सांगितले गेले, आणि खोट्याने जिथे तारले असते तिथे खरे. नळ वाहत राहिला.

शुक्रवारी सकाळी गोविंदरावांचा श्वास बदलला. मोठा येई, मग थांबे, मग पुन्हा येई. वसुधाताई त्यांचा हात धरून नाम घेत होत्या. ते मधेच म्हणाले, "गेट उघडं ठेव." त्यांनी दार आणि गेट दोन्ही उघडून ठेवले. कॉरिडॉरमधून समुद्राचा खारट वारा आत येत होता आणि त्या वाऱ्याने गेट अर्धवट लोटले जात होते.

गेट कुरकुरले. खणकन भिंतीला लागले. पावले आत आली.

रोहाना आली होती.

गोविंदरावांनी मान उचलली. कित्येक दिवस ती मान उचलली गेली नव्हती. चेहऱ्यावर असे तेज, की गाभाऱ्यात समई मोठी करावी. "आलीस?" ते म्हणाले. उजवा हात पुढे झाला. "बॅग दे इकडे."

रोहानाला मराठी येत नव्हते. पण बॅग हा शब्द तिला कळला. ती गोंधळून वसुधाताईंकडे पाहू लागली. "आंटी, ही वॉन्ट माय बॅग?"

एक क्षण. त्या क्षणात वसुधाताईंना बोलता आले असते. अहो, ही निहा नव्हे, ही नर्स आहे. निहाला मी आत्ता बोलावते. धीर धरा, जीव धरून ठेवा. सारी वाक्ये त्यांच्या ओठांवर तयार होती. समोर तो पुढे केलेला हात होता, आणि त्या चेहऱ्यावरचा आनंद होता. त्यांनी रोहानाकडे पाहून मान हलवली. हो.

रोहानाने बॅगेचा पट्टा त्यांच्या हातात दिला. गोविंदरावांनी मूठ वळली. पुढे काही बोलले नाहीत. मार्टिनही बोलला नव्हता.

रोहानाने नाडी पाहिली आणि तिचा आवाज बदलला. "आंटी, युअर डॉटर. कॉल नाऊ. टुमॉरो टू लेट." वसुधाताईंनी फोन तिच्याकडेच दिला. जे कुंकू बोलू देत नव्हते, ते रोहानाने चार शब्दांत सांगितले. निहारिका वर्ग सोडून तशीच निघाली.

पण वाट पाहणाऱ्याची वाट संपली होती. ज्या धाग्याने तो जीव अडकला होता, तो धागा आपल्या हाती आला असे समजून त्याने सोडून दिला. लेकीची टॅक्सी वाटेत असतानाच गोविंदराव गेले.

निहारिका आली तेव्हा दार सताड उघडे होते. तरी ती गेटपाशी थांबली, दोन्ही हातांनी जाळी धरून. "आई," ती म्हणाली, "येऊ?"

"ये."

ती आत आली. बाबांकडे पाहिले. मग त्यांच्या मुठीतला काळा पट्टा पाहिला, आणि भिंतीशी अवघडून उभी असलेली रोहाना पाहिली. रोहानाचा पुढचा रुग्ण खोळंबला होता, पण ती मूठ सोडवायला तिचे मन होत नव्हते.

"हे काय आहे? त्यांना कळलं होतं का, मी निघालेय?"

या जागी वसुधाताई काय सांगणार, हे त्यांना ओळखणारा कुणीही सांगू शकला असता. हो गं, तुझंच नाव होतं ओठांवर. सगळं माफ केलं त्यांनी. अशी गोष्ट त्यांना क्षणात रचता आली असती, आणि लेक रडून मोकळी झाली असती.

वसुधाताईंनी सर्व सांगितले. गोड केलेला शेवट. फोनवरचे "घाबरण्यासारखं काही नाही". गेटचा आवाज, बॅग, आणि आपली हललेली मान. काही वगळले नाही, काही जोडले नाही. सूर धरला नाही.

 निहारिका म्हणाली, "म्हणजे मी निघायच्या आधीच पोहोचले होते."

"हो."

"आणि मी आले, तर कुणी वाटच बघत नव्हतं."

वसुधाताईंनी उशाशी जागा करून दिली. 

निहारिका खाली बसली. बाबांची मूठ तिने आपल्या मांडीवर घेतली आणि एकेक बोट हळूच उघडले. पट्टा सुटला. बॅग उचलून तिने रोहानाला दिली. "सॉरी, सिस्टर. थँक यू." मग रिकामा झालेला तो हात स्वतःच्या दोन्ही हातांत घेऊन म्हणाली, "पुस्तक कुठंय?"

"आता?"

"लोक यायच्या आधी. शेवट वाच. आहे तसा."

वसुधाताईंनी वाचला. बोट रिकामी आली, सरोवर गोठले, धक्क्यावर बॅग उरली. पुस्तक मिटले तेव्हा आरती झाली नाही, भैरवी झाली नाही. बाहेर ओहोटी लागली होती आणि जहाजे तोंड फिरवत होती.

निहारिका आता दर रविवारी येते. गेट उघडेच असते, तरी ती आत शिरत नाही. जाळीला हात लावून बाहेर उभी राहते. आणि वसुधाताई, हातातले काम टाकून, कीर्तनाच्या भरल्या मंडपात मारावी तशी मोठ्याने हाक मारतात. सगळ्या कॉरिडॉरला ऐकू जाते. शेजारच्या म्हाताऱ्या चिनी आजीलाही आता तो शब्द पाठ झाला आहे.

"ये."